धुणं नरम करणारे घरमालक

अकोल्यात आम्ही ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, ते गृहस्थ माणसाच्या तोंडाकडं नंतर पाहायचे, आधी त्याच्या कपड्याला हात लावायचे. खोली पाहायला गेलो तेव्हा माझ्या पोरानं त्यांना नमस्कार केला. त्यांनी नमस्कार घेतला नाही, बाही घेतली. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात शर्टाची बाही धरून हळू चोळली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बोरचं पानी. साबन दुप्पट. वाळवलं भर उन्हात. कोन धुते?"

"माझी बायको," पोरगा म्हणाला.

सून मागंच उभी होती. ती अमरावतीची, बोलायला तिखट. म्हणाली, "काका, खोली भाड्यानं द्याची हाय का धुनं तपासाचं हाय?"

ते माझ्याकडं वळले. "बाई, तुमच्या पातळाले मी हात लावू शकत नाई, ते बरं दिसत नाई. पन तुमी पायरी चढल्या तवा मले आवाज आला. पापडावानी वाजते तुमचं पातळ."

मी म्हटलं, "वाजते तं वाजू द्या. मी काई चोरी कराले आली नाई."

यावर ते हसले आणि खोली आम्हाला मिळाली. पुढं कळलं की आमच्याआधी दोन-तीन कुटुंबं खोली पाहून गेली होती. त्यांचे कपडे यांना पसंत पडले नव्हते. आमचे पडले असं नाही, पण उलट उत्तर देणारी माणसं त्यांना आवडायची.

आमच्याकडच्या पाण्याचं बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. माझं माहेर हिवरखेडचं, तिथलं पाणी बरं. सासर बाळापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. बाया साबण घासत राहतात. तो कपड्यात बसतो, वर मीठ बसतं, वरून आमचं ऊन. टॉवेल दोरीवरून काढला की भिंतीला टेकवून उभा करता येतो. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, सांगायचे की धोतर नेसलं की मांड्या सोलतात. मी म्हणायचे, मग नेसू नका. सगळा जन्म असा गेला, कपडा कडकच असतो अशी माझी समजूत होती. म्हणून हे गृहस्थ मला पहिल्यांदा अर्धे येडेच वाटले.

जिनिंगच्या कारखान्यात कापूस पाहायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. कापसाची गाडी आली की हे तिच्यात कोपरापर्यंत हात खुपसायचे, आतला पुंजका ओढून काढायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ताणायचे. धागा किती लांब, किती मऊ, ओल आहे का, हे बोटांनीच सांगायचे. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांच्या बोटांकडं पाहत उभे असायचे. नंतर यंत्रं आली आणि यांची नोकरी संपली, पण बोटं कुठं जाणार? ती धुण्याकडं वळली.

"कापूस कडक जन्माले येतच नाई," ते म्हणायचे. "कडक त्याले आपन करतो."

दुसरं त्यांचं नेहमीचं बोलणं असं, की धुणं म्हणजे काढणं. मळ काढा, मग साबण काढा, मग पाणी काढा. काढता काढता जे उरतं ते नरमच असतं. लोक उलटं करतात, टाकतच बसतात.

त्यांचं धुणं मी रोज पाहायचे, कारण माझ्या दारासमोरच त्यांचा दगड होता. रिठे आदल्या दिवशी फोडून भिजत घालायचे, सकाळी उकळून पाणी गाळून घ्यायचे. बोरच्या पाण्यात आधी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून ते निवळू द्यायचे, मग रिठ्याच्या पाण्यात कपडे. आपटायचे नाहीत. "आपटून कपडा साफ होत नाई, फक्त आपला राग साफ होते," असं म्हणायचे. शेवटी खळबळायला मात्र नळाचंच पाणी, नाहीतर पावसाचं. पावसाचं पाणी ते पत्र्यावरून पन्हळ लावून ड्रममध्ये धरायचे आणि ड्रमला कुलूप घालायचे. सुनेनं एकदा त्यातलं तांब्याभर पाणी वरणाला मागितलं तर म्हणाले, "डाळ काय आंगावर घेऊन झोपता?"

त्या शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायचे. उन्हाळ्यात लिंबू महाग झालं की पांढरं व्हिनेगर. ते त्यांना चौकातला चायनीजच्या गाडीवाला द्यायचा. संध्याकाळी म्हातारा पिशवीत बाटली लपवून आणतो, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. मला एका बाईनं विचारलंच, "घरमालक तुमचे पेतात का ओ?" मी म्हटलं, "ते नाई पेत, त्याईच्या चादरी पेतात."

वाळवणं सावलीत. दोरीवर टाकायच्या आधी प्रत्येक कपडा दोन टोकांना धरून असा झटकायचे की फटका वाजल्यासारखा आवाज व्हायचा. पुरता वाळायच्या आधीच, थोडा दमट असताना काढायचा, दोन हातांत चोळायचा, घडी घालायची आणि घडीवर पाट ठेवून वर स्वतः बसून चहा प्यायचा. इस्त्री त्यांच्या घरात नव्हती.

पुरुष माणूस दारात बसून बायकोची लुगडी धुतो म्हणून पोरं-टोरं हसायची, मोठे लोकही हसायचे. एक दिवस पानठेल्यावरच्या दोघांनी जाता जाता काहीतरी म्हटलं. हे दगडावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "तुमची माय तुमचे लंगोट धुवे, तवा हसले होते का तुमी?" ते दोघं परत त्या बाजूनं गेले नाहीत.

सुनेचं आणि त्यांचं एकदा चांगलंच जुंपलं. तिनं बाजारातून कपडे मऊ करायची निळी बाटली आणली. टॉवेल दोरीवर टाकला तशी सगळ्या अंगणात फुलांचा वास सुटला. हे आतून नाक वर करून आले. टॉवेल वाळल्यावर तो सुनेच्या हातात दिला आणि तिच्या हातावर पाणी ओतलं.

"पूस."

तिनं पुसलं. पाणी टॉवेलवरून थेंब थेंब घसरलं.

"पेते का पानी? नाई पेत. मेन चढवला त्याच्यावर. टॉवेल हाय का मेनकापड?"

"पन वास तं चांगला येते ना," सून म्हणाली.

"टॉवेलानं नाक पुसाचं हाय का आंग?"

"दोनी," सून म्हणाली.

शेवटी तडजोड झाली. तिनं तिची बाटली वापरायची, पण दोरी गच्चीवर बांधायची. तसं ते दोघंही एकमेकांशिवाय राहत नव्हते. सुनेला बोलायला माणूस लागायचं आणि त्यांना भांडायला.

भांडायला लागायचं, कारण घरात त्यांना कोणी उलट बोलणारं उरलं नव्हतं. त्यांच्या बायकोला लकवा मारला होता. मी तिला वहिनी म्हणायचे. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. सगळ्या भाषेतला एकच शब्द तिच्या तोंडात राहिला होता, "हो." वहिनी, जेवल्या? हो. जेवायच्या राहिल्या का? हो. दुखतं का? हो. नाही ना दुखत? हो. शब्द तोच, म्हणायची रीतही तीच. तिला आतून काय म्हणायचं आहे हे कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांवरून वाटायचं की तिला सगळं समजतं, पण डोळ्यांवरून आपण आपल्याला हवं तेच वाचतो, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नव्हते.

ते गमतीनं म्हणायचे, "जवानीत एका गोष्टीले हो म्हटलं नाई हिनं. आता पाहा, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाई."

तीही हसायची. अर्धं तोंड हसायचं.

धुण्याची सनक त्यांना आधीपासून होती, पण वहिनी अंथरुणाला लागल्यावर सनकेचं काम झालं. घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरानं स्पष्ट सांगितलं होतं, पडून राहणाऱ्या माणसाची कातडी फुटू देऊ नका. पाठीला एकदा जखम पडली की या वयात भरून येणं कठीण, आणि माणसं लकव्यानं नाही, त्या जखमेनं जातात. तेव्हापासून तिच्या अंगाखालची चादर रोज बदलायची. चादर नवी कधीच नाही. त्यांची जुनी धोतरं, तिची जुनी लुगडी, दुहेरी करून, शिवण बाजूला येईल अशी. आणि अंथरायच्या आधी ते त्या कापडावरून तळहात फिरवायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाठ, सुरकुती, दोऱ्याचं टोक, काही असलं की बोट थांबायचं. हात फिरवून झाला की म्हणायचे, "जमलं." मगच आम्ही तिला त्यावर घ्यायचो. आम्ही म्हणजे ते आणि मी. सकाळी तिला कुशीवर वळवायला एका माणसाचं बळ पुरत नव्हतं, म्हणून मी जायचे. मला काही कोणी सांगितलं नव्हतं. समोर राहत होते, दिसत होतं, गेले.

दिवाळीनंतर अंगणात फरशी बसवायचं काम निघालं. दोरी काढावी लागली. शेजारचा प्लॉट रिकामा होता, त्याला तारेचं कुंपण होतं आणि आत कमरेएवढं गवत वाळून पिवळं झालेलं. हे चादरी घेऊन निघाले तारेवर टाकायला.

मी म्हटलं, "भाऊ, तिथं कुसळं हाय. वाऱ्यानं चादर खाली पडली का मंग पाहा."

"वारा चांगला हाय तिथं."

"वारा चांगला हाय, कुसळं बी चांगली हाय."

"मी हात फिरवतो ना, बाई," ते म्हणाले. यावर मी काय बोलणार? त्यांचा हात साऱ्या अकोल्यानं मानलेला.

कुसळ ज्यानं शेतात काम केलं नाही त्याला सांगते. गवताच्या वाळलेल्या तुऱ्याचं ते टोक असतं. केसाएवढं बारीक, सुईसारखं, आणि एका बाजूला दाते. कपड्यात शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. चालत्या माणसाला टोचलं तर तो वाकून काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला वळवलं तर पाठीवर लाल ठिपके, आणि खांद्याच्या खाली एक लांब ओरखडा. त्याच्या शेवटाला कुसळ मांसात अडकलेलं. मी नखानं काढलं. थोडं रक्त आलं. मी विचारलं, "वहिनी, टोचत होतं का?"

"हो," ती म्हणाली. तिनं तसंही हेच म्हटलं असतं. पण उशी ओली होती.

ते पाणी गरम करायला गेले होते, ते आले. मी म्हटलं, "भाऊ, चादरीत कुसळं हाय."

"नाई. मी हात फिरवला काल."

"मंग आता फिरवा परत."

त्यांनी फिरवला. मी पाहत होते. चादरीत एक कुसळ चांगलं बोटाच्या पेरभर वर आलेलं होतं, खिडकीच्या उजेडात मला दिसत होतं. त्यांचा हात त्याच्यावरून गेला. ते वाकलं आणि हात पुढं गेल्यावर परत उभं राहिलं. हात थांबला नाही.

"कुठं हाय?" ते म्हणाले. "जमलं हाय."

मी त्यांचं बोट धरून त्या कुसळावर ठेवलं. तरी त्यांना कळेना. शेवटी चष्मा लावून ते चादरीवर वाकले, डोळ्यांनी पाहिलं, आणि मग तसेच वाकून राहिले. उठायला वेळ लागला. मला काय कळलं ते त्यांनाही कळलं होतं.

"कवापासून?" मी विचारलं.

"पाय तं उन्हाळ्यापासून बधिर हाय. बोटं मंग. शुगर हाय मले. डाक्टर म्हने, होते असं."

"अन् मंग रोज हात कायले फिरवत होते?"

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "बाई, मले वाटे का धुनं साधलं आता. दरवर्षी एखादी चादर तरी कुठंतरी लागे हाताले. औंदा एकबी लागली नाई. सगळंच नरम लागाले लागलं."

मी त्यांची पाठ थोपटली नाही. तिची पाठ पाहायची होती. म्हटलं, "बसून काय राहिले? दुसरी चादर आना." सुनेला हाक मारली, तिनं ती दुसरी चादर बोट-बोट तपासून दिली. मी स्वतः तपासली नाही, कारण माझ्या हाताचाही भरवसा नव्हता. जन्मभर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं वेचून माझे तळहात म्हशीच्या कातड्यासारखे झाले आहेत. कढई मी फडक्याशिवाय उतरवते. नरम काय आणि कडक काय, माझ्या हाताला सगळं सारखंच. आता त्या घरात नरम ओळखणारं कोणी राहिलं नव्हतं, आणि वहिनी तर सांगू शकत नव्हती. सून होती, पण तिचं बारीक पोर होतं, तिची सकाळ तिच्या हातात नव्हती.

ठिपके बसले, पण तो ओरखडा चिघळला. डॉक्टर आला, पट्टी केली, म्हणाला लक्ष ठेवा, पसरलं तर दवाखान्यात न्यावं लागेल. हे दाराच्या चौकटीला धरून ऐकत उभे होते. आपल्याच हातानं बायकोच्या अंगाखाली काटे अंथरले, असं त्यांनी एकदा मला म्हटलं. मी म्हटलं, "हातानं नाई, हट्टानं. मी सांगतलं होतं." ते खरंच होतं, आणि खरं ऐकल्यावर ते जरा बरे दिसले. उगाच समजूत घालणाऱ्यांनी त्यांना जास्त त्रास दिला असता.

पण त्यांनी रिठे भिजवायचं बंद केलं. दगडावर बसायचं बंद केलं. दोन-चार दिवस सुनेनंच त्यांचंही धुणं धुतलं. मग एक दिवस ते पिशवी घेऊन दुकानात गेले आणि आले ते तीच निळी बाटली घेऊन. मला पाहून पिशवी दुसऱ्या हातात घेतली. व्हिनेगरची बाटली त्यांनी कधी एवढी लपवली नव्हती.

त्या दिवशी त्यांच्या बादलीतून असा वास आला की सून कणीक मळता मळता बाहेर आली. बाटली हातात घेऊन उजेडात धरली.

"काका, किती टाकलं?"

"नरम व्हावं म्हनून टाकलं."

"झाकनभर टाकतात. तुमी अर्धी बाटली टाकली."

"मले कसं समजीन किती झालं थे?" ते म्हणाले. तिच्याशी भांडले नाहीत. सून बाटली खाली ठेवून आत गेली आणि मला म्हणाली, "आई, मले नाई आवडलं हे. काकांनी मले शिव्या द्याले पायजे होत्या."

चादर वाळली, उशीचा अभ्रा वाळला. मी आणि त्यांनी वहिनीला उचललं, त्या चादरीवर घेतलं, डोकं उशीवर ठेवलं. ती क्षणभर तशी पडून राहिली. मग तिचा डावा हात, तेवढाच चालायचा, हळूहळू वर आला. डोक्याखालची उशी तिनं धरली, ओढली आणि पलंगाखाली टाकली.

त्यांनी उचलून परत ठेवली. तिनं परत टाकली.

"काय झालं? नरम नाई का?"

"हो."

"नरम हाय?"

"हो."

"मंग फेकते काहून?"

"हो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वैतागले होते, कारण माझ्या घरी दूध चुलीवर होतं. मी म्हटलं, "भाऊ, तोंडाले काय विचारता? तोंड तं सगळ्याले हो म्हनते. हाताले विचारा ना."

त्यांनी पडलेली उशी उचलून तिचा अभ्रा काढला. मग कपाटाकडं गेले. सगळ्यात खालच्या फळीवरून एक जुनं धोतर काढलं, बोटं चांगली असताना धुतलेलं, घडी न मोडलेलं. सुनेच्या दोरीवरचा टॉवेल मागवला. आणि हा बाटलीतला अभ्रा. तिच्या डाव्या हाताखाली आधी अभ्रा ठेवला. तिनं तो अंगठा आणि दोन बोटांत धरला, चोळला. हे ती कधी शिकली मला माहीत नाही. एवढा संसार त्या माणसाबरोबर केला, पाहूनच शिकली असेल. चोळून तिनं तो खाली टाकला. सुनेचा टॉवेल दिला, तोही टाकला.

सून दारातून म्हणाली, "काकू, माझ्या टॉवेलानं काय घोडं मारलं?"

"हो," वहिनी म्हणाली.

मग धोतर ठेवलं. ते तिनं टाकलं नाही. चोळत राहिली, मग मुठीत धरून गालाखाली ओढलं आणि डोळे मिटले. ते माझ्याकडं पाठ करून खिडकीतून बाहेर पाहत उभे राहिले. मी दुधासाठी घरी आले. दूध उतू गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रिठे परत भिजले. अंगणातली फरशी झाली होती, दोरी परत बांधली. कुसळं, गाठी, दोरे हे पाहायला त्यांनी मोठ्या भिंगाचा चष्मा आणला आणि प्रत्येक कापड उजेडात धरून इंच इंच पाहायला लागले. ते डोळ्यांचं काम झालं. पण नरम झालं का, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वाळलेलं कापड आधी वहिनीच्या हाताखाली जायचं. हे पायथ्याशी उभे राहायचे, हात मागं बांधून. तिनं धरून ठेवलं तर जमलं. टाकलं तर उचलायचं आणि परत भिजवायचं. कधी साबण राहिलेला असायचा, कधी लिंबू कमी पडलेलं. आधी त्यांना ते पटायचं नाही. "आता यात काय खराब हाय?" असं तिच्याशी भांडायचे. ती आपली हो म्हणायची, पण टाकलेलं परत घ्यायची नाही. हळूहळू त्यांना कळायला लागलं की ती चुकत नाही. मग भांडणं कमी झाली. एकदा मला म्हणाले, "बाई, हिचा हात माझ्या हातापेक्षा कडक हाय. जिनिंगमंधी असती तं एक गाडी पास झाली नसती."

ओरखडा भरायला वेळ लागला. संक्रांतीच्या आसपास डॉक्टरानं पट्टी काढली आणि म्हणाला, कातडी धरली. परत तिच्या पाठीला काही झालं नाही, निदान आम्ही तिथं होतो तोपर्यंत तरी.

मग पोराची बदली अमरावतीला झाली. इथलं पाणी धरणाचं, गोड, टॉवेल आपोआप मऊ राहतो. माझं पातळ आता वाजत नाही. सून अजूनही बाटली टाकते, पण झाकणाच्याही अर्धी, आणि टॉवेलात मात्र टाकत नाही. मी विचारलं नाही का ते.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं, म्हणून मी आणि सून त्यांच्याकडं निरोप घ्यायला गेलो. त्या वेळी ते दोरीवरून नुकती काढलेली चादर घेऊन वहिनीजवळ उभे होते. तिनं चादर धरली, चोळली आणि खाली टाकली. त्यांनी उचलली. सुनेनं ती त्यांच्या हातातून घेतली, आपल्या गालाला लावली.

"काका, हे तं लोन्यावानी हाय. परत दाखवा बरं तिले."

त्यांनी परत दाखवली. वहिनीनं या वेळी चोळलीसुद्धा नाही, सरळ टाकली. आणि तिचं अर्धं तोंड हसत होतं. नवऱ्याकडं पाहून, लबाड, एखादी पोरगी हसते तसं.

मी म्हटलं, "भाऊ, ती मजा करून राहिली तुमची."

ते कमरेला हात लावून हळू वाकले, चादर उचलली, झटकून खांद्यावर टाकली.

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "कवाचं मालूम हाय." आणि बादलीकडं गेले.